सासूबाईंचा पासवर्ड

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं घरातले म्हणतात, आणि मी नाकारत नाही. वायफायचा पासवर्ड मी पहिल्याच आठवड्यात समोरच्या शिंपीणबाईंना सांगितला, त्यांनी भाच्याला, आणि महिन्याभरात अख्खी इमारत आमच्या जिन्यावर बसून सिनेमे बघायला लागली. आमच्याकडे मात्र साधं एक पान उघडायची मारामार.

शेवटी सासूबाईंनी कारभार हातात घेतला. त्या अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नवा पासवर्ड त्यांनीच ठरवला आणि मला भिंतीकडे तोंड करायला लावून माझ्या लॅपटॉपवर टाकला.

"फोनवर नाही टाकणार. तो तू कुणाच्याही हातात देतेस."

राग आला, पण बोलणार कुठल्या तोंडानं?

तीन दिवसांनी सकाळी अकराला, एका शाळेच्या दोन परीक्षकांसमोर, लॅपटॉपवरून माझा बीजगणिताचा नमुना-तास होता. दोन वर्षं घरी बसल्यावर आलेली नोकरीची पहिली संधी. साडेदहाला मला अवदसा आठवली. लॅपटॉपवरचं जुनं काहीबाही काढून टाकावं म्हणून मी आमच्याच नेटवर्कपुढचं 'विसरा' दाबलं. लॅपटॉप आज्ञाधारकपणे सगळं विसरला. फोनचा डेटा मी आदल्या दिवशीच मालिका बघून उडवला होता. शेजाऱ्यांकडे धावावं, तर ते इतके दिवस आमच्याच जिवावर जगलेले. आणि सासूबाई दाताच्या दवाखान्यात!

फोन लावला. "आई, पासवर्ड सांगा. पटकन!"

"आपण कोण बोलताय?"

"अहो, मी! तुमची सून!"

"आवाज कुणीही काढतं हल्ली. ओळख पटवा. माझ्या निवृत्तीला ऑफिसनं दिलेला कप कुणी फोडला?"

माझ्या तोंडात आठ वर्षं भिजलेला हा एवढा एकच तीळ.

"मांजरीनं."

"चूक. माझ्या सुनेला खरं उत्तर माहीत आहे."

घड्याळात अकराला सात मिनिटं कमी होती. "मी फोडला, आई. धुताना हातातून सुटला. मी घाबरले होते हो."

"पटली ओळख. मांजर काही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत नाही. घे लिहून. एम, ए, एन, जे, ए, आर..."

लिहिता लिहिता माझे कान तापले. 'मांजर निर्दोष', आणि पुढे चार आकडे. (आता तो बदललाय, म्हणून सांगते.)

तास झाला. समीकरणं सुटली, आणि दुपारी शाळेचा होकार आला. सासूबाई गालाला रुमाल लावून घरी आल्या तेव्हा मी पेढ्याआधी प्रश्नच पुढे केला.

"आई, आठ वर्षं माहीत होतं, तर कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली.

"कपाचं काय गं, फुटायचाच कधीतरी. पण मला घाबरलीस, ते लागलं. तू होऊन सांगशील म्हणून थांबले होते."

मी त्यांना मिठीच मारली. "हळू, दाढ!" त्या ओरडल्या, पण सोडलं मात्र नाही.