बांधापलीकडची वाफ

थंडी अशी, की तोंडातला शब्द बाहेर पडायच्या आत गोठावा. तरी सकाळी आठला मिझोसे नदीच्या काठी दोनशे माणसं बर्फात उभी होती. नदीच्या कडेला बर्फाचा थर धरलेला. फक्त एका वळणावर पाण्यातून दाट वाफ निघत होती आणि तिथे माशांची जत्रा भरली होती.

"बघा! ड्रॅगनदेव श्वास सोडतोय!" पांढऱ्या झग्यातले गेनसेई महाराज गरजले. "डॉक्टरच्या गोळ्यांनी अंग गार पडतं, देवाचं पाणी ऊब देतं! ढकलाढकली नको. बाटली स्वतःची आणा, श्रद्धाही स्वतःचीच आणा!" दक्षिणेची पेटी मात्र महाराजांची होती.

गर्दीच्या मागे तोमोजी कुसाकाबे मान खाली घालून उभा होता. वाफ कुठली, हे तिथे त्या एकट्याला ठाऊक होतं. बांधापलीकडे शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र होतं. बारा वर्षांपूर्वी पिण्याच्या पाण्याच्या खात्यातून त्याची तिथे बदली झाली होती, आणि ती त्याने आईलाही सांगितली नव्हती. तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून तो घरी यायचा. गटाराचं नाव कशाला काढा!

डिसेंबरच्या बर्फात काठावरची 'हे पाणी पिऊ नये' ही पाटी आडवी झाली, ती त्याने पाहिली होती. लावू नंतर, म्हणाला. महाराजांनी तिच्यावरच देव्हारा मांडला. तीन आठवडे तोमोजी गप्प बसला. त्या दिवसांत आईने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. आज उंबऱ्यातच तिला घेरी आली, तरी बाटली घेऊन ती निघाली, म्हणून तो मागोमाग आला होता.

"आई, पिऊ नकोस ते."

"का रे? तू गावाला पाणी पाजतोस, मला देव पाजतोय!" लोक हसले. शरमेने तोमोजीचे कान तापले. त्याने मोबाइल काढून केंद्रातल्या सहकाऱ्याला फोन लावला.

"शिमेगी, नदीत पाणी सोडायचं दार लाव. टाकीत जागा आहे ना? मग लाव."

पाच-सात मिनिटांत वाफ विरली. लोक कुजबुजू लागले.

"नास्तिकाला पाहून देव रुसला!" महाराज ओरडले.

"मग मीच समजूत काढतो," तोमोजी म्हणाला. "शिमेगी, उघड."

वाफ पुन्हा वर आली. तोमोजीने देव्हारा बाजूला सारून खालची पाटी उचलली.

"रात्री आपण गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसतो ना? ते पाणी, भांड्यांचं, संडासाचं, सगळं आमच्याकडे येतं. गाळ खाली बसतो, उरलेली घाण जंतू खातात. त्यांना हवा पुरवायची, मग पाणी निर्जंतुक करून नदीत सोडायचं, हे गेली बारा वर्षं माझं काम. म्हणून नदी नासत नाही, मासे जगतात. पण ऊब उरते, ती तुमच्याच अंघोळीची. पाणी नदीपुरतं स्वच्छ आहे, पिण्याइतकं नाही."

कुणीतरी थुंकलं.

"देव नळातूनही येतो!" महाराजांनी शेवटचा डाव टाकला.

"मग घ्या एक घोट," नूडलवाली ओकिनू म्हणाली आणि आपली बाटली पुढे केली.

"आज उपास आहे."

"तीन आठवडे उपासच दिसतो! तुम्हाला कधी पिताना पाहिलं नाही." आता हसू महाराजांवर होतं. पण तोमोजीला हसू येईना. आई त्याच्याकडे बघत होती.

"बारा वर्षं?" तिने विचारलं.

"लाज वाटायची, आई."

"घाण साफ करायची लाज वाटली? आणि मी ती पीत होते तेव्हा गप्प बसलास, त्याची नाही वाटली?"

पाटी हातात धरून तो लोकांकडे वळला. "चूक माझीच. पण यापुढे वाफ दिसली, तर हात जोडण्याआधी बांध चढून पलीकडे बघा. कुणाला तरी ठाऊक असतं. माझ्यासारखा तो गप्प बसला, तर त्याला बोलतं करा."

आईने बाटली बर्फात उपडी केली. "पाटी नीट ठोक," ती म्हणाली. "मग घरी चल, मला गोळी घ्यायचीय."