मधली पट्टी

शिंपी येणार म्हटलं की आमच्या खोऱ्यात घराचं आतलं दार बिजागऱ्यांवरून उतरवतात आणि दोन पिंपांवर आडवं टाकतात. ती शिंप्याची बैठक. असल्या दारांवर मांडी घालून मी चाळीस वर्षं काढली. खाली घर चालू असतं, वर मी. बाया माझ्याशी बोलत नाहीत, माझ्यासमोर बोलतात. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं, ते पाद्रीबाबांच्या आधी मला कळतं.

दिरमिद ओ कीव वारला, त्यानंतर आठवड्याने नुआलाने, त्याच्या बायकोने, मला बोलावलं. नवऱ्याचा कोट उलटून त्याच्या धाकट्या भावाला बसवायचा होता. काम झालं, बटाटे आणि ताक पोटात गेलं, आणि मी उठता उठता म्हणालो, "मालकीणबाई, घरात एखादा कातड्याचा तुकडा आहे का? माझ्या मोजपट्ट्या झिजल्यात."

तिने कपाटातून एक पुस्तक काढलं. जुनं, जाड, वासराच्या कातड्याच्या पानांचं. शेवटची चार पानं शिवणीतून सुटून लोंबत होती.

"ही घे," ती म्हणाली. "सुटलीच आहेत. ह्यांना वाचता येत होतं, मला येत नाही. मेलेल्या माणसाच्या वस्तूकडे किती बघायचं?"

मलाही वाचता येत नाही. मला दिसलं ते उत्तम कमावलेलं कातडं. ना ताणलं तर वाढणारं, ना ओलाव्याने आखडणारं. त्यावर रेघांवर रेघा, पाखरं चिखलात चालून गेल्यासारख्या. मी तिथेच दारावर बसून प्रत्येक पान उभं कापलं, सात पट्ट्या. मग चारही पानांच्या पहिल्या पट्ट्या टोकाला टोक जोडून शिवल्या, दुसऱ्या तशाच, तिसऱ्या तशाच. सात लांब मोजपट्ट्या झाल्या. हात इतका खूश होता की मी शीळ घालत होतो. ती शीळ मला अजून ऐकू येते.

आमच्याकडे एका घराची मापं एका पट्टीवर असतात. कमरेला एक खाच, खांद्याला दोन, हाताला तिरकी. माप घेऊन झालं की ती पट्टी त्या घरीच खुंटीला टांगायची, पुढल्या वर्षी कामाला येते. पुढच्या महिन्याभरात मी सात घरं केली आणि सात पट्ट्या सात खुंट्यांना लागल्या.

मग मास्तर मला शोधत आला.

मुइरिश ओ स्कानलॉन. कुंपणाच्या आडोशाला पोरं जमवून शिकवायचा म्हणून मास्तर. पण त्याचं खरं काम पोथ्या उतरवण्याचं. कुणाकडे जुनं पुस्तक आहे असं कळलं की तीस मैल चालत जायचा, हाता-पाया पडून मागायचा, आणि रात्रंदिवस बसून त्याची नक्कल करायचा. एके काळी ओ स्कानलॉन मोठ्या गढीचे कवी होते. त्यांना जमीन होती, घोडे होते, जेवायला सरदाराच्या उजव्या हाताला जागा होती. मुइरिशला त्यातलं काय मिळालं तर शाईने काळी झालेली तीन बोटं.

मी त्या दिवशी लोहाराकडे बसलो होतो. मास्तर दारात उभा राहिला, आत येईना. पावसाने डोक्यापासून निथळत होता.

"क्रोहूर," तो म्हणाला, "दिरमिदच्या पोथीची शेवटची पानं तुझ्याकडे आहेत म्हणे."

"होती," मी म्हणालो. "आता मोजपट्ट्या आहेत. तुझं माप घेऊ का? तुला फार कातडं लागायचं नाही."

लोहार खदखदून हसला. मास्तर हसला नाही. तो तिथेच उंबऱ्यावर, चिखलात, बसला.

हळूहळू सगळं कळलं. पोथी दिरमिदची, मास्तरने उसनी आणलेली. सगळी उतरवून झाली होती, शेवटची चार पानं तेवढी राहिली होती. आणि त्याच सकाळी दिरमिद गेल्याचा निरोप आला. मालकाचं मढं घराबाहेर पडायच्या आधी उसनी पोथी घरी पोचली पाहिजे, असा ह्या लोकांचा नेम. मास्तरने शाई वाळू दिली नाही, पोथी छातीशी धरून बारा मैल गेला आणि दिरमिदच्या उशाशी ठेवून आला. दुखवट्याचा महिना सरला की पुन्हा मागायची, असं त्याच्या मनात.

"एक दिवस," तो म्हणाला. "एक दिवस ठेवून घेतली असती तर कुणाला कळलं असतं?"

"मग ठेवायची होतीस," लोहाराची बायको म्हणाली.

"ती ठेवून घेणारा माणूस पुढची पोथी मागायला कोणत्या तोंडाने जाणार, बाई?"

त्या चार पानांत त्याच्या खापरपणजोबाचा विलाप होता. गढी पडली, सरदार समुद्रापार जाऊन मेला, त्या दिवशी रचलेला. दुसरी नक्कल कुठेच नाही. मास्तरने वीस वर्षं त्याचा माग काढला होता, आणि तो मिळाला तेव्हा शेवटासाठी राखून ठेवला होता, पोरं गोड घास शेवटी खातात तसा.

मी दारावरून उतरलो. "चल," म्हणालो. "सातही घरं मला माहीत आहेत."

आम्ही निघालो. पहिली पट्टी लोहाराकडचीच. पुढे गिरणीवाला, मग नदीकाठच्या दोघी बहिणी. कुणी हसून दिली, कुणी म्हणालं, "मास्तर, माझ्या कमरेवरही कविता लिहिलीय होय? बायकोला वाचून दाखव जरा, तिला खोटं वाटेल." मास्तर खुंटीवरून पट्टी काढायचा तेव्हा दोन्ही हातांनी काढायचा. मी खाचा सांगायचो, हा गिरणीवाल्याचा पोटाचा घेर, हा त्याच्या पोराचा हात. तो अक्षरं सांगायचा. एकाच कातड्याकडे आम्ही दोघं बघत होतो, आणि माझ्या खाचा त्याच्या अक्षरांतून आरपार गेल्या होत्या.

चार दिवसांत सहा पट्ट्या झाल्या. राहिली मधली, चौथी.

ती कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगितलं नव्हतं, इतकंच.

"गोबनतच्या घरी ती लागली," मी शेवटी बोललो. "तिच्या लेकीला, एव्लीनला, लाल परकर शिवायचा होता. नऊ वर्षांची पोर. माप घेताना अशी गुदगुल्यांनी हसत होती की मला तीनदा खाच मारावी लागली. परकर पुरा व्हायच्या आत ताप आला. मग त्याच मापाने मी तिचा तपकिरी झगा शिवला, मढ्याला घालतात तो, शेवटचा."

पुढचं मास्तरलाही माहीत होतं. ज्या पट्टीने मढ्याचं माप घेतलं ती घरात ठेवत नाहीत, नाहीतर ती दुसरं माप मागते. मढ्याबरोबर जाते. मीच ती गुंडाळून पोरीच्या मुठीत दिली होती. मूठ अजून वळत होती.

आम्ही गोबनतकडे गेलो. ती चुलीपाशी ओटची भाकरी उलटत होती. मास्तरने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, भाकरी करपेपर्यंत.

"माझ्या लेकीच्या हातात आहे ती," ती म्हणाली. "जा, माग तिच्याकडे."

आम्ही परत फिरलो.

मास्तरने माझ्या झोपडीतच मुक्काम टाकला. टेबलावर सहा पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या, मध्ये बोटभर रुंदीची जागा सोडली. पानं पुन्हा पानांसारखी दिसायला लागली, मधून चिरलेली. तो मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक ओळीत ठेचकाळायचा.

गवत आलं …… उंबऱ्याला,
घोडा नाही …… पाण्याला,
कोण विचारील …… पाहुण्याला.

"अरे, 'ओल्या' घाल ना," मी म्हणालो. "गवत आलं ओल्या उंबऱ्याला. चांगलं लागतं कानाला."

"'ओल्या' बसतो," तो म्हणाला. "'जुन्या' बसतो. 'रित्या' तर फारच छान बसतो. रात्री पडल्या पडल्या मी सगळे बसवून बघतो, क्रोहूर. एकदा शाईत बसवला की शंभर वर्षांनी कुणी म्हणणार नाही की हा मुइरिशचा शब्द आहे. सगळे म्हणतील, तो म्हाताऱ्याचाच."

"मग बरंच की."

"मग त्याचा शब्द दुसऱ्यांदा मेला. आणि ह्या वेळी तो मी मारला."

तिसऱ्या दिवशी दुपारी गोबनत आली. पायात काही नाही, खांद्यावर फावडं. मला वाटलं, मारायला आली.

"मास्तर," ती म्हणाली, "माती अजून भुसभुशीत आहे. मी बघून आले. पाद्रीबाबा पलीकडच्या गावात आहेत उद्यापर्यंत. तू तुझं घे. क्रोहूर खणेल."

मास्तर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. भुकेल्या माणसापुढे ताट ठेवल्यावर येतं ते.

"तुला काही वाटणार नाही, बाई?" त्याने विचारलं.

"मी तिथेच उभी राहीन," ती म्हणाली. घाईघाईने म्हणाली. "तुम्ही पट्टी काढाल तेवढा वेळ. मी काही करणार नाही. नुसतं बघेन. तिच्या केसांना मी त्या दिवशी नीट विंचरलं नव्हतं, गर्दी फार होती. फणी आणलीय मी." आणि तिने ती कनवटीतून काढून दाखवली. लाकडाची, दोन दात तुटलेली.

मास्तर फणीकडे बघत राहिला. मग त्याने पट्ट्यांकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला.

"का? मी देतेय ना!"

"तू मला पट्टी देत नाहीयेस, गोबनत."

ती खाली बसली. जमिनीवरच. आणि जी रडायला लागली, तशी ती अंत्यविधीलाही रडली नव्हती. तिथे भाड्याच्या बाया तिच्या वतीने रडल्या होत्या. मास्तर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तो विलाप म्हणू लागला, जसा होता तसा, मध्ये गप्प होत. प्रत्येक ओळीत जिथे तो गप्प व्हायचा, तिथे तिचा हुंदका यायचा. मी कात्री हातात घेऊन उभा होतो, कशासाठी कुणास ठाऊक.

संध्याकाळी मी तिला घरी पोचवून आलो. फावडं तिच्या दारामागे ठेवलं.

मास्तरने पुढच्या आठ दिवसांत चारही पानं उतरवली. प्रत्येक ओळीत मधोमध बोटभर जागा कोरी. वरपासून खालपर्यंत पांढरा रस्ता. लिहिणारे शेवटी आपलं नाव, गाव, दिवस घालतात आणि वाचणाऱ्याकडे प्रार्थना मागतात. विलाप तर ऐकून ऐकून मला पाठ झालाच होता; मास्तरने शेवटी घातलेलंही मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं:

"वाचणाऱ्या, मधली जागा माझ्या आळसाने कोरी नाही. तिथले शब्द एव्लीन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे आहेत. तिच्यासाठी प्रार्थना म्हण. काही उरली तर मुइरिशसाठी."

पुढल्या वसंतात मास्तर छातीच्या दुखण्याने गेला. त्याचा झगाही मीच शिवला. त्याने उतरवलेली पोथी त्याच्या पुतण्याने जहाजातून समुद्रापार नेली आणि त्यानंतर तिचं कुणी काही ऐकलं नाही. तिथे ती वाचणारं कुणी असेल का, हे मी विचारत नाही.

मी आता कातडं कापत नाही. सुताच्या दोऱ्याला गाठी मारून माप घेतो. हिवाळ्यात दारावर बसलो की लोक म्हणतात, क्रोहूर, तो विलाप म्हण. मी म्हणतो. नवी माणसं आपसांत कुजबुजतात, म्हाताऱ्याचा दम संपला, दर ओळीत अडकतो. एकदा गिरणीवाल्याच्या सुनेने अडकलेल्या ठिकाणी मदतीला म्हणून एक शब्द सुचवला. चांगला होता. कोपऱ्यात गोबनत लोकर पिंजत बसली होती. तिने मान वर केली.

"तिथे बोलू नको गं," ती म्हणाली, आणि पुन्हा पिंजू लागली.