जिन्यातली हाक

येमेनमधल्या आमच्या सना शहराच्या जुन्या गावात जिना चढताना पुरुषानं खालूनच "अल्लाह, अल्लाह" अशी हाक देत चढायचं, म्हणजे वरच्या बाया पदर सावरून आत होतात. मी साठीचा झालो, पण बिनहाकेची एक पायरी कधी चढलो नव्हतो. पोलंडहून अरबी शिकायला आलेल्या तोमाशला पाचव्या मजल्यावरची खोली दिली, तेव्हा त्यालाही सगळ्यात आधी हीच हाक शिकवली.

म्हणून माझ्या बायकोनं, तकियानं, जेवताना विषय काढला तेव्हा हातातला घास मी ताटात ठेवला.

"अहो, तुमचा विद्यार्थी तीन दिवस हाक देत नाही. वर कधी जातो ते कळतच नाही."

आमच्या लेकीला, नजीबाला, बाळ होऊन वीस दिवस झाले होते. रीतीप्रमाणे चाळीस दिवसांपर्यंत रोज दुपारी बायका तिसऱ्या मजल्यावर जमायच्या आणि पैगंबरांच्या जन्माची कथा गाऊन सांगायच्या. उघड्या डोक्यानं बसलेल्या लेकीसुना, आणि जिन्यात परका पुरुष!

बाजारात शेजारचा हुमूद भेटला. तो आधीच तापलेला.

"हाजी लुत्फ, भाषा शिकायला दाराच्या कड्या मोजाव्या लागतात का? काल वही काढून मला माझ्या आज्याचं नाव विचारत होता. हेर आहे तो, हेर! अन् तुम्ही त्याला पोरीच्या डोक्यावर नेऊन बसवलाय."

"आज बघतो. तसं काही दिसलं तर सूर्य मावळायच्या आत त्याची पेटी रस्त्यावर."

"मी नाही बाबा कुणाला सांगत," हुमूद म्हणाला. म्हणजे मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत सगळी गल्ली माझ्या दारावर डोळे लावून बसणार.

दुपारी कातची पानं चघळायच्या बैठकीतून मी लवकर उठलो. घरी आलो, चपला काढून हातात घेतल्या आणि अंधाऱ्या जिन्यात पाय टाकला. दुसऱ्या वळणावर तो दिसलाच. पायरीवर बसलेला, बूट शेजारी काढून ठेवलेले, वही मिटून मांडीवर. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे बंद.

मानगुटीला धरायला मी हात उचलला, तेवढ्यात वरून तकियाचा आवाज आला.

ती पैगंबरांच्या आईच्या, आमिनामाईंच्या प्रसूतीची रात्र गात होती. एकेका शब्दावर थांबायची, पुन्हा तोच शब्द उचलायची, आणि मागून बायका "सल्लल्लाहु अलैहि" म्हणून सूर धरायच्या. जन्मभर मी गाणाऱ्यांच्या मागे मशिदी पालथ्या घातल्या. मुलगा झाला तेव्हा दूरच्या डोंगरातून गवई आणवला. आणि हा आवाज माझ्याच घरात होता! चाळीस वर्षं माझी हाक माझ्या आधी वर पोचत होती, आणि गाणं बंद होत होतं.

तोमाशनं डोळे उघडले. मला पाहून पांढराफटक पडला.

"काका," तो कुजबुजला, "चुकलं माझं. पण मी हाक दिली की त्या थांबतात."

माझा हात तसाच खाली आला आणि मी त्याच्या शेजारी टेकलो.

गाणं संपलं. दार करकरलं. तकिया पाण्याची सुरई घेऊन बाहेर आली, तोमाशला पाहून तिनं झटकन तोंडावर पदर ओढला. मग तिची नजर माझ्या हातातल्या चपलांवर गेली.

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

चूक ती चूकच. सूर्य मावळायच्या आत तोमाशची पेटी मी स्वतः उचलली. पण रस्त्यावर नाही, तळमजल्यावर, धान्याच्या कोठीशेजारच्या खोलीत.

"आता मजले चढायचे नाहीत," मी बजावलं. त्यानं मान हलवली.

दारात हुमूद ताटकळत होता. "काय हाजी, सापडला का?"

"सापडले. दोघं होते."



दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालूनच हाक दिली, "अल्लाह, अल्लाह!" गाणं थांबलं. दाराला कडी लागली. आणि मग बंद दाराआडून, कालच्यापेक्षा जरा मोठ्यानं, ते पुन्हा सुरू झालं.