धुळीवरचा गूळ

“आता गूळ न्हाई भेटायचा,” रामराव मुकादम म्हणाला. “गूळ कामावरच्या माणसाला असतो, घरी निजल्याला न्हाई.”

सोनूबाई तोंडाला पदर लावून खदानीच्या काठावर उभी होती. खाली खडीचं मशीन चालू होतं. इंजिनाचा पट्टा फिरत होता, काळा दगड लोखंडी जबड्यात कडकड मोडत होता आणि उडालेल्या धुळीने माणसं राखेत लोळल्यासारखी दिसत होती. अंबडच्या सडकेची खडी इथूनच जायची. जबड्यापाशी उभं राहून दगड आत सारायचं काम तिच्या नवऱ्याचं, कचरूचं. मशीन आलं त्या दिवसापासून त्याचंच. दिवाळीपासून मात्र त्याने अंथरूण धरलं होतं. दोन पावलं टाकली की धाप लागे, आणि खोकला आला की थांबायचं नाव घेत नसे.

मशीनवरच्या प्रत्येकाला सुटी होताना गुळाचा खडा मिळायचा. गुळाने छातीतली धूळ खाली उतरते, असं खदानीत सगळेच मानत. हा शोध कुणी लावला कोण जाणे, खदान चालवणाऱ्या गुत्तेदाराला मात्र तो फार स्वस्तात पडला होता.

“थोडा द्या, मुकादम. त्यानंच उतार पडंल.”

“रोज देत व्हतो की! तुझा नवरा खाईल तवा ना. समोर उभा राहून म्हणायचो, कचरू, खाय. तर पटक्याच्या शेवाला बांधायचा. म्हणायचा, घरी जाऊन खातो.”

“पण ते तर म्हणायचे, हा उरल्याला हाय.”

“उरल्याला कुठला? एकच खडा असतो, बाई.”

सोनूबाई घराकडे वळली. रोज संध्याकाळी कचरू पटक्याची गाठ सोडायचा आणि “मी तिथंच खाल्लो” म्हणत गूळ तिच्या हातावर ठेवायचा. लढाईचे दिवस, बाजारात गूळ नजरेला पडत नव्हता. तिने तो झुंबरला, आपल्या लेकीला, दिला. संक्रांतीला तिळात घातला, पोळ्याला पुरणात घातला. नवऱ्याचं औषध आपण आपल्या हाताने पोरीला भरवलं. वाटेत एका बाभळीखाली बसून ती धाय मोकलून रडली.

घरी येऊन तिने विचारलं, “काहून खोटं बोललात?”

“पोरीचं तोंड गोड व्हायचं,” कचरू दमादमाने म्हणाला. “मला काय व्हतंय, म्हटलं.”

दुसऱ्या दिवसापासून ती गुऱ्हाळावर जाऊ लागली. दिवसभर चुलाणात पाचट सारायचं आणि मजुरी गुळात घ्यायची. कचरूला खडा चावत नव्हता, म्हणून ती तो खलात कुटायची आणि समोर बसून त्याला खायला लावायची. झुंबरने हात पुढे केला की हातावर चापट बसे. “बाचं औषध हाय ते!” कचरूलाही धीर आला होता. एके दिवशी खोकला जरा कमी आला, तर लगेच त्याने सदरा धुवून ठेवायला सांगितला. “बिलकुल बराबर होतो बघ. होळी झाली की मशीनवर जातो.” तिने खरोखरच सदरा धुवून वाळत घातला.

अशात धर्मराज भेटायला आला. मशीनवरचा हा गडी म्हणजे गुळाचा मुंगळा. आपला खडा मटकावून दुसऱ्याच्या हाताकडे बघणारा. सगळी खदान त्याची थट्टा करायची. तो उंबऱ्याशी आला तो भिंत धरून खालीच बसला. बोलायला तोंड उघडलं आणि खोकला सुरू झाला. तो खोकला सोनूबाईच्या चांगला ओळखीचा होता.

“पाणी द्या, वैनी,” तो म्हणाला. “मला बी मुकादमानं घरी बसवलंय.”

“पण तुम्ही तर गूळ खात व्हता!”

“खात व्हतो की. सगळा खात व्हतो. लोकायचा बी खाल्ला.”

सोनूबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणजे तिचा गुन्हा नव्हता. इतके दिवस उरावर असलेला धोंडा उतरला. जरा हलकं वाटतंय न वाटतंय, तोच तिला कळलं, की मग या गुळाचाही काही उपयोग नाही.

धर्मराज बसत उठत निघून गेला. सोनूबाईने रोजच्यासारखा गूळ कुटला आणि चिमूटभर कचरूच्या जिभेवर ठेवला. मग दारातल्या पोरीला हाक मारली.

“झुंबर, ये. घे.”

पोर जागची हलेना. “बाचं औषध हाय ना?”

“घे म्हणते ना.” उरलेला सगळा गूळ तिने पोरीच्या ओंजळीत ओतला.

कचरू बाजेवरून बघत होता. त्याने सोनूबाईकडे पाहिलं. ती खाली मान घालून बत्ता पुसत होती.

“खाय, बाई,” तो पोरीला म्हणाला. होळीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.