समोरच्या मास्तरांचे कपडे

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. मी पायांनी चालते, पण जागची हलत नाही. कारखान्यात माझं लोखंड ओतलं गेलं, कुणीतरी माझ्या मानेवर सोनेरी वेल रंगवली आणि मी एका अरुंद गल्लीतल्या खिडकीपाशी येऊन बसले.

माझ्या मालकिणीला सगळी गल्ली ताई म्हणायची. आतल्या खोलीत तिचे वडील रोज सकाळी मोठ्याने पोथी वाचत. आपलं कर्म करत राहावं, फळावर डोळा ठेवू नये, पेरावं तसं उगवतं. ताई ऐकत ऐकत पाय हलवायची आणि माझा खडखडाट त्यांच्या सुरात मिसळायचा. टीप सरळ पडली की बायका माझ्या मानेवरून हात फिरवायच्या. मग मी आणखी तोऱ्यात चालायचे.

समोर एका शिंप्याचं दुकान होतं. त्या मास्तरांना ताईचं बसलेलं बस्तान बघवेना. "ती कापड चोरते," असं त्यांनी गल्लीभर पसरवलं. गिऱ्हाईक आटलं. माझ्यावर धूळ बसू लागली. मित्रांनो, धूळ बसली की मशीनलाही एकटं वाटतं.

अशात मास्तर जिन्यावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात मोडला. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे कपडे त्यांच्याकडे नुसतेच बेतून पडले होते. कार्यक्रम तर तोंडावर आला होता.

"केलं तसं भरलं," वडील म्हणाले. "पोथी काही खोटी नाही."

ताई उठली. "त्यांचं कर्म त्यांच्यापाशी, बाबा. त्यांना काय फळ मिळावं हे ठरवणारी मी कोण? पण ती मुलं काय घालणार? मला शिवता येतं, म्हणजे हे काम माझ्या वाट्याचं आहे."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं मी वाचत राहिलो," ते म्हणाले. "ऐकत मात्र तू होतीस. थांब, मीही येतो."

गल्ली अरुंद, त्यामुळे समोरचं बोलणं मला सगळं ऐकू आलं.

"तुम्ही कशाला आलात?" मास्तरांनी खालमानेनेच विचारलं.

"कापड न्यायला," ताई म्हणाली. "मोजून द्या हं. मी चोरते म्हणतात."

मास्तर आधी लाजेने लाल झाले, मग त्यांना हसूच आवरेना.

पोटात तेलाचे थेंब जाताच मी जी सुटले, ती थांबायचं नाव घेईना. वडील गुंड्या लावायला बसले आणि पहिलीच बाही त्यांनी स्वतःच्या सदऱ्याला शिवून टाकली. मास्तर आमच्याच खोलीत येऊन डाव्या हाताने इस्त्री फिरवू लागले. इतकं हसणं त्या खोलीने कधी ऐकलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या सकाळी मुलं नवे कपडे घालून गल्लीतून गात गेली. कपड्यांना चिठ्ठी मास्तरांच्याच दुकानाची होती. ताईनेच ती लावली होती. त्यामुळे शाबासकी त्यांना मिळाली. माझा जळफळाट झाला. ताई मात्र गुणगुणत माझ्यात अडकलेले दोरे काढत होती.

पुढे एक बाई मास्तरांच्या दारात येऊन म्हणाली, "ब्लाउज समोर टाकला असता, पण ती कापड चोरते ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच की."

"मग मी खोटं बोललो," मास्तर म्हणाले. "चला, मीच तुम्हाला तिच्याकडे पोचवतो."

त्यानंतर मला उसंत म्हणून मिळाली नाही.

आता घरात विजेची मशीन आली आहे आणि मी कोपऱ्यात असते. पण ताईकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिली टीप माझ्यावरच मारतात. ती वाकडी येते, त्या खिदळतात आणि मी पुन्हा तरुण होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात बसलं असेल, तर त्याची धूळ झटका, थोडं तेल घाला. त्याला कौतुक नाही मिळालं तरी चालेल. काम तेवढं द्या.