आजीच्या उशीवरचा थेंब

मी एक जुनी घरगाडी आहे. पुढे इंजिन, मागे बिऱ्हाड! माझ्या पोटात एक पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, छोटी मोरी आणि घडी घालता येणारे टेबल आहे. मित्रांनो, एरवी मी शांत असते. पण गेल्या महिन्यात माझा जीव थोडक्यात वाचला, तोही साबणाच्या फेसामुळे, आणि तेव्हापासून ही गोष्ट कधी एकदा सांगते असे मला झाले आहे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. आधी नुसता सांगाडा आणि चाके होती. मग सुताराने त्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट उभी केली आणि पत्रेवाल्याने बाहेरून पांढरे पत्रे चढवले. छपराचे तीन पत्रे त्याने बोटभर एकमेकांवर चढवून जोडले. जोडात एक काळी, चिकट पट्टी घातली आणि अंगठ्याने दाबत दाबत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेला.

सुतार खालून ओरडला, "झालं का? चहा गार होतोय."

"होऊ दे गार," पत्रेवाला म्हणाला. "मी इथं घाई केली तर कुणाची तरी गादी भिजेल."

त्या माणसाचे अंगठे मी अजून विसरलेले नाही.

माझा पहिला मालक नकाशे काढायचा. कागदाला पाणी लागले की सगळी मेहनत वाया, म्हणून तो वर्षातून दोनदा माझ्या छपरावर चढून सगळे जोड पुसायचा. भेटेल त्याला सांगायचा, "माझी गाडी म्हणजे बदकाची पाठ, पाणी ठरतच नाही." ते ऐकून माझे पत्रे ताठ व्हायचे. पुढे त्याचे गुडघे दुखू लागले आणि मी एका गॅरेजच्या मागे जाऊन पडले. सहा वर्षे! छपरावर पाने कुजली, शेवाळ आले. कुणी ढुंकून पाहिले नाही. एका मांजरीने ड्रायव्हरच्या सीटवर दोनदा पिल्ले घातली, तेवढीच सोबत.

मग आजी-आजोबा आले. आजी नर्स होत्या आणि आजोबा पाणीखात्यात होते. रस्त्याखालचे नळ कुठे फुटलेत ते शोधायचे, हे आजोबांचे काम. एक लोखंडी कांडी रस्त्याला टेकवायची, दुसरे टोक कानाला लावायचे आणि जमिनीतले पाणी ऐकायचे. नोकरी संपल्यावर दोघांनी मला घेतले, घासूनपुसून लख्ख केले आणि आम्ही निघालो. मी इतकी खूश होते की पहिल्याच चढाला धापा टाकल्या.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी आजी म्हणाल्या, "अहो, कपडे वाळत घालायला दोरी बांधायचीय. मागच्या बाजूला एक कडी लावून द्या."

"एवढंच ना?" आजोबा म्हणाले. ड्रिल घेऊन वर चढले आणि माझ्या छपराच्या मागच्या कडेला चार भोके पाडून कडी घट्ट आवळली. चिकट पट्टी नाही, काही नाही. दहा मिनिटांत काम झाले. आजींचे कपडे छान वाळू लागले.

आणि पुढच्या पावसात आजींच्या उशीवर पहिला थेंब पडला.

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते! पाणी कडीच्या स्क्रूतून आत शिरत होते. तिथून आतल्या लाकडी पट्टीवरून सरकत चार हात पुढे येत होते आणि पलंगावरच्या दिव्याच्या भोकातून खाली पडत होते. आजोबा मात्र दिवा पाहायचे. दिव्याला लागूनच छपरातली काचेची खिडकी होती. "हिच्या कडेतूनच गळतंय," असे म्हणून त्यांनी तिच्याभोवती नळीतून सिलिकॉनचे लुकण भरले. पुन्हा थेंब आला. पुन्हा सिलिकॉन. जुन्यावर नवे, नव्यावर आणखी नवे, अशा दोन वर्षांत अकरा नळ्या संपल्या. एकदा तर त्यांनी ती लोखंडी कांडी माझ्या छताला लावून कान दिला. मी आतून जीव तोडून ओरडत होते, "आजोबा, मागे! मागे बघा!" पण गाडीचे बोलणे कांडीतून ऐकू येत नाही.

आजींना खोकला लागला. कोपऱ्यात काळी बुरशी धरली. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या लेकीच्या गावी मुक्कामाला होतो, तेव्हा एका सोमवारी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने उशी हातात घेतली.

"आई, ही पिळली तर पेला भरेल. हे काय वय आहे ओल्यात झोपायचं?"

"अगं, थेंबभर तर पडतं."

"डॉक्टर काय म्हणाले? ओल गेल्याशिवाय खोकला जाणार नाही."

"मी शोधतोय की," आजोबा पुटपुटले.

"बाबा, अख्ख्या शहराच्या गळत्या शोधल्यात आणि आईच्या डोक्यावरची दोन वर्षं सापडेना! आता माझं ऐका. जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणारा एक जण रविवारी येतोय. तोपर्यंत छत कोरडं झालं तर ठीक. नाहीतर गाडी त्याला द्यायची आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं."

आजी पलंगावर बसून होत्या. त्यांनी गादीवर हात फिरवला. "जन्मभर दुसऱ्यांच्या खाटांपाशी उभी राहिले," त्या म्हणाल्या. "ही एक खाट माझी आहे. आणि हिला खिडकी आहे."

लेकीचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. मलाही तिचा राग येईना. आई आजारी पडत असेल तर कुठली लेक गप्प बसेल?

घाबरून म्हणा किंवा म्हातारपणाने म्हणा, दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या चाकातली हवा गेली आणि आम्ही कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवत होती. कोपरापर्यंत हात काळे, कानामागे पिवळा मेणखडू. सगळे तिला पंक्चरताई म्हणत. तिने ट्यूब काढली, फुगवली, पाण्याच्या टपात बुडवली. बुड्! बुडबुडा आला. तिथे खडूने गोल केला, ठिगळ लावले, काम खलास.

मग ती हात धुवायला आत आली आणि थबकली. "काकू, पलंगावर बादली? मासे पाळलेत की काय?"

आजींनी सगळे सांगितले. आजोबांनी अकरा नळ्या आणि तीस वर्षांची नोकरी सांगितली. ताईने मान वर करून छत पाहिले.

"काका, तुम्ही पाणी शोधताय. पाणी फसवतं. शिरतं एकीकडे, पडतं दुसरीकडे. मी हवा शोधते. ही गाडी म्हणजे एक मोठी ट्यूब समजायची. फुगवायची."

"आणि एवढा टप कुठून आणायचा?"

"टप कशाला? पाणीच वर नेऊ."

आजोबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "तीस वर्षं पाण्यात काढली मी. आता टायरवाल्यांनी मला गळती शिकवायची?"

"अहो," आजी म्हणाल्या, "बादली रोज कोण रिकामी करतं? मी. मग मी सांगते तसं करा. चढा वर!"

काय धमाल उडाली म्हणून सांगू! माझी दारे, खिडक्या लावल्या. मोरीच्या आणि ओट्याच्या भोकांत बोळे कोंबले. प्रत्येक झरोक्यावर चिकटपट्टी लावली. एका खिडकीत पुठ्ठा बसवून, त्याला भोक पाडून, दुकानातला धूळ उडवायचा ब्लोअर आत तोंड करून लावला. ताईने बटण दाबले. घर्रर्र! माझ्या पोटात वारा भरला. पडदे फडफडले, कपाटांची दारे थरथरली, आणि मला अशा गुदगुल्या झाल्या की हॉर्न वाजवावासा वाटला.

आजोबा आणि ताई छपरावर. आजी शिडीच्या चौथ्या पायरीवर, हातात साबणाच्या पाण्याची बादली.

आधी काचेच्या खिडकीभोवती फेस ओतला. सगळे श्वास रोखून बघत राहिले. एकही बुडबुडा नाही.

"बघ!" आजोबा म्हणाले. "माझं काम पक्कं आहे."

"पक्कं आहे काका. जागा चुकलीय."

फेस मागे मागे सरकू लागला. पहिला जोड, काही नाही. दुसरा जोड, काही नाही. शाबास रे पत्रेवाल्या! मी मनात म्हणत होते, अजून थोडे मागे, अजून हातभर... आणि फेस कडीपाशी पोचला.

बुड्! बुड्बुड्बुड्! द्राक्षाच्या घडासारखे बुडबुडे! एक फुटतोय तोवर दुसरा वर येतोय!

"सापडलं!" ताई ओरडली. समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले.

आजोबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी कडीवरचा फेस बोटाने पुसला. मग हळूच म्हणाले, "ही मीच लावली."

"माझ्यासाठी," आजी म्हणाल्या.

"दोन वर्षं मी गाडी बनवणाऱ्याला शिव्या घालतोय, आणि भोक माझं होतं. तू माझ्यामुळे खोकतेयस गं."

आजींनी बादली खाली ठेवली. त्या हसत सुटल्या. "कपडे वाळवायला सांगितलं, आणि तुम्ही मलाच भिजत घातलंत!" हसता हसता खोकल्या आणि खोकता खोकता पुन्हा हसल्या. शेवटी आजोबाही हसले, पण डोळे पुसून.

पुढचे चार दिवस आजोबांनी आणि ताईने कामातून मान वर केली नाही. कडी काढली तर स्क्रू गंजून बारीक झालेले, भोकातून तांबडे पाणी निघाले. आतून छताची फळी उघडली. लाकडी पट्टी वीतभर कुजली होती, ती कापून नवी बसवली. ताईने बजावले, "ओलं असताना झाकायचं नाही. आतल्या आत सडेल." मग दोन दिवस, दोन रात्री पंखा लावून माझी हाडे सुकवली. बुरशी घासून काढली. आजोबांनी सिलिकॉनचे अकरा थर खरवडले, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, हेही त्यांना ताईनेच सांगितले आणि या वेळी त्यांनी निमूटपणे ऐकले. सगळे पुसून त्यांनी खिडकीला नवा, सलग थर दिला. भोकांवर चिकट पट्टी लावली, वर पत्र्याचा तुकडा, कडेने पुन्हा लुकण. आणि मित्रांनो, आजोबा ती पट्टी अंगठ्याने दाबत होते. हळूहळू, घाई न करता.

शनिवारी पुन्हा मला फुगवले, पुन्हा फेस ओतला. छप्पर गप्प. "ट्यूब पास!" ताई म्हणाली.

पण खरी परीक्षा रविवारची. सकाळपासून पाऊस असा कोसळत होता की समोरचे दुकान दिसेना. लेक आली. बरोबर तो गाड्या मोडणारा. त्याने भिंतींवर टकटक केले, कोपरे दाबून पाहिले आणि टेबलाशी बसला. वर पाऊस ताशा वाजवत होता. चौघेही दिव्याकडे बघत बसले. पाच मिनिटे, दहा मिनिटे...

टप्!

आजींनी आजोबांचा हात घट्ट धरला. लेक उठून उभी राहिली. टेबलावर एक थेंब चमकत होता.

"माफ करा," गाड्या मोडणारा म्हणाला. "माझी टोपी गळतेय."

लेकीने छताला तळवा लावला. दिव्याच्या कडेने बोट फिरवले. मग उशी उचलून गालाला लावली. कोरडी! ती चपला काढून आईच्या पलंगावर आडवी झाली, "पाचच मिनिटं हं," म्हणाली. किती दिवसांची जागी होती कोण जाणे. पाऊस माझ्या पाठीवर धो धो कोसळत होता, आणि त्याच दिव्याखाली तिला गाढ झोप लागली.

थोड्या वेळाने गाड्या मोडणाऱ्याने विचारले, "मग गाडीचं काय ठरलं?"

आजींनी ओठांवर बोट ठेवले. "हळू बोला. लेक झोपलीय."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसते. आम्ही फक्त डाग दाखवू शकतो. तुमच्या छतावर असा डाग दिसला तर त्यावर रंग फासू नका, खाली बादली ठेवून मोकळे होऊ नका. वर चढा, मागे जा, पाणी कुठून निघाले ते शोधा. आणि स्वतःचेच भोक सापडले तर लाजू नका. आधी ते बुजवा.

आता आम्ही पुन्हा रस्त्यावर आहोत. आजींचा खोकला कमी झाला आहे. आजोबांनी आत्ताच शिडी लावली. पंधरा दिवसांत ही तिसरी वेळ, आणि छप्पर ठणठणीत आहे हे त्यांना कोण सांगणार? चढा, आजोबा. बघा निवांत. फक्त दुसरी पायरी ओली आहे, तेवढी सांभाळा.