माझ्या पोटातल्या बाटल्या

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. दूधभाजीचा नव्हे, प्रयोगशाळेतला. माझ्या पोटात नाल्याचं, विहिरीचं, नळाचं घाण पाणी तपासणीसाठी ठेवतात. त्या घाणीची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती माणसांची.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. प्रमुखसाहेबांनी माझ्या दारावर हात फिरवून म्हटलं होतं, "हा आपला कणा." पुढे रबर सैल झालं, कप्प्यांना गंज चढला आणि लोक माझ्यात उरलंसुरलं जेवण कोंबू लागले. एका वाढदिवसाचा केक पुढच्या वाढदिवसापर्यंत माझ्याच पोटात बुरशी धरून बसला होता.

दर उन्हाळ्यात परदेशांतून तरुण संशोधक शिष्यवृत्तीवर इथे येतात. त्यांना साऱ्या जगाचे प्रश्न सोडवायचे असतात. बरेच जण नाकाला रुमाल लावून वस्तीत जातात, फोटो काढतात आणि परततात. बाटलीताई तशी नव्हती. हे नाव तिला वस्तीतल्या काकूंनी दिलं. तिथल्या पोरांना सारखे जुलाब होत होते. दोष कोपऱ्यावरच्या नळाचा आहे का, हे तिला शोधायचं होतं. त्याचं पाणी तिने बाटल्यांत भरून आणलं, माझ्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि चिठ्ठी चिकटवली, 'हलवू नका.' पाणी थंड राहिलं तरच तपासणी खरी. ऊन लागलं की जंतू वाढतात किंवा मरतात आणि निकाल बिनकामाचा होतो.

दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचा समारोप होता, तिथे प्रत्येकाने आपला अहवाल मांडायचा होता. सकाळीच व्यवस्था पाहणारे नाना विकतच्या पाण्याची खोकी घेऊन आले.

"साहेब, फ्रीजमध्ये जागा नाही."

"ते गटारपाणी काढ बाहेर. पाहुण्यांना काय कोमट पाणी पाजणार?"

बाटल्या खिडकीत गेल्या, भर उन्हात. माझ्या पोटात झऱ्याचं चित्र छापलेल्या बाटल्या शिरल्या. मी घरघरलो, थरथरलो. फ्रीजचं कोण ऐकतं?

दुपारी बाटलीताई तपासणीचं सामान घेऊन आली आणि खिडकीपाशी थबकली.

"अगं, थोडा वेळच तर बाहेर होत्या," नाना म्हणाले.

"सकाळपासून उन्हात आहेत, नाना."

साहेब टाय नीट करत म्हणाले, "मागच्या वर्षीचे आकडे घाल. जंतू काय सही करून जातात?"

"त्या आकड्यांत हा नळ स्वच्छ आहे, साहेब."

"मग चांगलंच की. पाहुण्यांना चांगली बातमी आवडते. आणि अहवाल अपुरा राहिला, तर प्रमाणपत्र मिळणार नाही."

शिसारी आली मला. माझ्यातल्या बुरशीलाही इतका वास नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या सभागृहातून तिचा आवाज आला. "माझ्याकडे निकाल नाही. नमुने उन्हात ठेवले गेले." लगेच टाळ्या पडल्या. कुणी ऐकतच नव्हतं.

मग तिने मला रिकामं करून साबणाने घासलं. परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि पुन्हा नळावर गेली. या वेळी बाटल्यांची पिशवी घेऊन काकूही आल्या.

"कागदाशिवाय घरी जाशील, तर आई काय म्हणेल गं?"

"जेवलीस का, म्हणेल."

काकू हसल्या आणि माझ्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. तपासणी होईपर्यंत त्यांनी कुणाला माझ्या कडीला हात लावू दिला नाही.

नळाचं पाणी दूषित निघालं. तो निकाल घेऊन काकू पाणीखात्यात ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे नळ बंद होऊन नवी जोडणी मिळाली. बाटलीताई प्रमाणपत्राविनाच गेली. साहेबांनी मात्र बंद नळाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो माझ्या समोरच्या भिंतीवर टांगलाय. दार उघडलं की पहिलं तेच तोंड दिसतं.

मित्रांनो, माझं रबर बदला किंवा मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, जगाचे प्रश्न हाती घ्याल. तेव्हा कुणाची बाटली बाजूला सारण्याआधी एवढं विचारा, की हे पाणी कुणाचं पोर पितं.